तोरणाखालचा मान

उंद्रीत पोळ्याच्या तोरणाखाली तुळशीराम कुऱ्हाडेनं नामदेव सोनाळकरचं डोकं कुऱ्हाडीनं फोडलं. पण सध्या ते फुटलेलं नाही असं धरून चालू. नामदेव चांगला जिवंत आहे आणि त्याची बैलजोडी सगळ्यांच्या पुढे आहे. “पहिला मान कुऱ्हाड्यांचा. तू सोनाळ्याचा उपरा,” तुळशीराम म्हणाला. “मंग अडव न बे,” नामदेव हसला. तुळशीरामनं अडवलं, बैलांच्या झुली लाल झाल्या. तेवढ्यात दरसालचा वंशावळ सांगणारा भाट पोचला. “काऊन मारलं याले? याचा पणजा दुष्काळात सोनाळ्याले राहून आला, म्हणून सोनाळकर. मूळचा कुऱ्हाडेच, थोरल्या घरचा. मान त्याचाच होता. निपुत्रिक गेला, तुझ्याबिगर दुसरा भाऊबंद नाही, आता अग्नी तूच देशील.” तुळशीराम जप्त कुऱ्हाडीकडे पाहत पंचनाम्याला आलेल्या फौजदाराला म्हणाला, “सरकार, मयताचा एकमेव भाऊबंद या नात्यानं मले सरणाची लाकडं फोडाले कुऱ्हाड परत मिळावी, ही नम्र विनंती.”