भुताचं बुक

पुण्याच्या पाहुण्यानं खिशातून पातळ रबरी मोजे काढून हातांत चढवले, तेव्हा त्रिंबक हळूच दाराकडं सरकला. आता हा माणूस एकेक पुस्तक तपासणार.

त्याच्या बायकोची, वच्छलाबाईची, तपासण्याला काहीच हरकत नव्हती. पाहुण्याला अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीपर्यंत आणवलं होतं तिनंच. शेजारच्या इंजिनिअरीणबाईंचा हा भाऊ, परचुरे, जुन्या चित्रकथा गोळा करतो असं कळल्यावर तिला राहवलं नाही. "आमच्या ह्यांच्याकडं ट्रंक भरून भुताची बुकं हायेत," असं तिनं ठसक्यात सांगून टाकलं होतं. आता ती ट्रंकेशेजारी पहाऱ्याला उभी होती.

"विकायची न्हाईत बरं का साहेब. नुसती बघा. ह्यांचा जीव हाय त्याच्यात."

पुस्तकं हिंदी होती. महिन्याला एक यायचं, एकात चार-चार गोष्टी. मुखपृष्ठावर कधी विहिरीतून वर येणारी हडळ, कधी दुसऱ्या ग्रहावरचे तीन डोळ्यांचे लोक, कधी मालकाचाच गळा धरलेला यंत्रमानव.

"लोक ही पुस्तकं बसमध्ये वाचायचे आणि सीटवर टाकून उतरायचे," परचुरे सांगत होते. "उरलेली रद्दीत जायची. वीस वर्षांनी धड प्रत मिळणं म्हणजे नशीबच. तुम्ही फार जपलीत."

"जपणारच की. मी तर कधी हातबी लावला न्हाई. कडुलिंबाचा पाला तेवढा टाकायची ट्रंकेत."



चौऱ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. त्रिंबक कारखान्यात नवाच फिटर म्हणून लागला होता. सुट्टीला गावी जाताना अंबडला गाडी बदलायची. तिथं स्टँडवर कडूबांचा पुस्तकांचा स्टॉल होता, आणि कडूबा जेवायला घरी गेले की त्यांची मुलगी गल्ल्यावर बसायची. त्रिंबक पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिला, तिनं "काय पाह्यजे?" विचारलं आणि त्याची वाचाच बसली. हाताला लागलं ते त्यानं उचललं. वर कवटी होती.

"भुताचं आवडतं वाटतं तुम्हाला," ती म्हणाली. त्यानं मान हलवली.

झालं. त्या एका मानेपायी पुढं दर महिन्याला भूत विकत घ्यावं लागलं. खरं तर त्रिंबक भुतांना इतका भ्यायचा, की अंधार पडल्यावर परसाकडं जाताना मोठ्यानं मारुतीचं नाव घ्यायचा. पुस्तक खोलीवर आणलं की तो मुखपृष्ठ पालथं करायचा आणि तसंच प्लास्टिकच्या पिशवीत सारायचा. पुढं मध्यस्थ घालून सोयरीक जमली, वच्छला घरात आली, आणि छपाई बंद पडेपर्यंत सासरा जावयासाठी आठवणीनं पुस्तक पाठवत राहिला. खरं सांगायची सोयच उरली नाही. "आमच्या ह्यांना कशाचंच भेव न्हाई," असं वच्छलाबाईनं कॉलनीभर करून ठेवलं. कुणाच्या क्वार्टरमागं खडखडलं की लोक त्रिंबकला बोलावायचे. तो बॅटरी घेऊन निघायचा. उजेड थरथरायचा, लोकांना वाटायचं, सेल संपत आलेत.

परचुऱ्यांनी एक अंक डोळ्यांजवळ धरला. पानांच्या कडेवरून अलगद बोट फिरवलं. मग दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि परत पहिल्याकडं आले.

"कमाल आहे," ते म्हणाले. "छापखान्यात कापताना इथं पातं चुकलंय. मधली पानं एकमेकांना जोडलेलीच राहिलीत. म्हणजे हा अंक कुणी वाचलेलाच नाही." त्यांनी बाकीच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "आणि हेही सगळे तसेच दिसतायत. पाठीवर एक घडी नाही, एक डाग नाही. अहो, कधी न उघडलेल्या प्रती आहेत या. विकणार असाल, तर म्हणाल ती किंमत द्यायला मी तयार आहे."

वच्छलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"खरं हाय का?"

"हाय," त्रिंबक म्हणाला. "मला भुताचं लई भेव वाटतं. पहिल्यापासनं."

"मंग एवढी घेतली कशाला?"

तो फरशीकडं बघत राहिला. "बुकासाठी कोण येत होतं. मी तुला बघायला येत होतो."

परचुरे एकदम खिडकीबाहेर बघू लागले. वच्छलाबाईनं पदर खोचला आणि ट्रंक पाहुण्याकडं ढकलली.

"घेऊन जा साहेब. सगळी."

परचुऱ्यांनी पैसे मोजून दिले आणि तान्ह्या लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसं एकेक पुस्तक गुंडाळलं. तिचं मन बदलायच्या आत निघावं म्हणून ते चहालाही थांबले नाहीत. गाडी कॉलनीच्या फाटकाबाहेर गेली. वच्छलाबाई सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि भांडी आपटू लागली.

त्रिंबक दाराशी घुटमळला. वीस वर्षं जपलेली इभ्रत एका दुपारी गेली होती. वर बायकोला फसवल्याचा ठपका. कॉलनीत आता काय काय ऐकावं लागेल, त्याची तर त्याला गणतीच करवेना.

"राग आला का?" त्यानं विचारलं.

ती पाठमोरीच राहिली. खांदे हलत होते. रडते की काय म्हणून तो लगबगीनं पुढं झाला, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"बाबा पहिल्याच महिन्याला ते बुक मागवायचं बंद करायला निघाले होते," ती म्हणाली. "अख्ख्या अंबडात तुमच्याबिगर दुसरं कोणी घेत नव्हतं. मंग मीच म्हणलं, बाबा, एकच मागवा, पण दर महिन्याला मागवा."