शेळीमार्फत

"मोटार सावलीत लाव म्हणावं त्याला," रामकिसन शेळीला म्हणाले.

शिवराजनं गाडी रानातल्या कडुलिंबाखाली घेतली. तो घानाला नोकरीला लागल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. घरची शेती सोडून पोरगं परमुलखात कोकोवाल्यांना शेती शिकवायला गेलं, हा राग. सुट्टीत आला की निरोप शेळीमार्फत, अन् संध्याकाळी पोरगं परत शहरात. शेळीची काही तक्रार नव्हती.

आज सोबत पाहुणी होती. अकोसुआबाई घानात कोको पिकवायच्या. शहरात परिषदेला आल्या आणि हट्टानं देवगाव रंगारीपर्यंत पोचल्या. रामकिसन त्यांना चहा देऊन समोर बाजेवर बसले आणि मोठ्यानं, सावकाश बोलले, म्हणजे मराठी कळेल.

"बाई, ज्याला बापाच्या रानात करमलं नाय, ते तुमच्या रानात काय दिवे लावतंय?"

"अण्णा विचारतात, प्रवास कसा झाला," शिवराजनं इंग्रजीत सांगितलं.

बाई लई वेळ बोलल्या. लिंबाकडं हात केला. मधेच डोळे मिटून, तोंड उघडून चक्क घोरून दाखवलं. शिवराजचे कान लाल झाले.

"बाई म्हणतात, चहा चांगला झालाय."

रामकिसननी शेळीकडं पाहिलं. "एवढं बोलल्या, घोरूनबी दाखवलं, अन् नुसता चहा? खरं काय ते सांग म्हणावं."

शिवराज जमिनीकडं बघत म्हणाला, "कोकोला सावली लागते. मी तिथं सांगायचो, रानात मोठी झाडं लावा. कुणी ऐकंना. सावलीसाठी रान कोण अडवतं, म्हणायचे. मग मोबाईलवर एक फोटो दाखवला. चहूकडं कपाशी, मधी हा लिंब, अन् खाली अण्णा झोपलेले. म्हणलं, याच्या सावलीत कापूस येत नाय, गाव हसतं, तरी हा माणूस झाड तोडत नाय. तवा कुठं बाईंनी झाडं लावली. मग बाकीच्यांनी. तो फोटो आता त्यांच्या सोसायटीच्या हापिसात टांगलाय. बाई हा लिंब बघायलाच आल्यात."

रामकिसननी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"फोटोत माझं तोंड उघडं हाय का, इचार त्याला."

शेळीनं विचारलं नाही.

"हाय," शिवराज शेळीला म्हणाला.

अकोसुआबाई उठून लिंबापाशी गेल्या. खोडाला हात लावून वर फांद्यांकडं बघत राहिल्या. रामकिसनही तिकडंच बघत होते.

"आज मुक्काम कर," ते म्हणाले.

शेळीनं मान वर केली.

"तुला नाय," रामकिसन म्हणाले.