लव्हेंडरची पारख

“मी कुपी हुंगेन आणि सहज केल्यासारखं दाखवून तुझ्यापुढे धरेन,” तो म्हणाला. “तेल चांगलं असेल तर टोपी सारखी करायची. नापास असेल तर पर्स दुसऱ्या खांद्यावर. आता करून दाखव.”

बायकोनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उन्हाळी टोपी सारखी केली. मग पर्स डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर टाकली.

“इतक्या धसमुसळेपणानं नको. आमची मालकीण डोळ्यांत तेल घालून बघत असणार.”

“मग पर्स तिच्याच डोक्यात घालते,” बायको म्हणाली.

एरवी तो हसला असता. आज नाही हसला.

साबणाच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं वास पारखत होता. सगळे त्याला नाकसाहेब म्हणायचे. कुठलं तेल साबणात जाणार ते तो ठरवायचा आणि त्यावर कुणी ब्र काढत नसे. दर उन्हाळ्यात लव्हेंडर फुललं की डोंगरउतारावरच्या फुलशेतीवर जायचं, हे त्याचं ठरलेलं काम. शेताचे आठ तुकडे, प्रत्येक तुकड्याचं तेल वेगळं काढलेलं. आठ कुप्या हुंगायच्या, एक निवडायची. वर्षभराचा साबण त्या एका कुपीवर अवलंबून.

पण यंदा हिवाळ्यात ताप आला आणि जाताना त्याचं नाक घेऊन गेला. कांदा नाही, फिनेल नाही, काही म्हणजे काही कळेना. “येईल हळूहळू,” डॉक्टर म्हणाले. पाच महिने उलटले तरी आलं नव्हतं. कारखान्यात त्यानं याचा थांगपत्ता लागू दिला नाही. वास न येणाऱ्या नाकसाहेबाला कोण ठेवणार? घरी मात्र पहिल्याच आठवड्यात तो जेवणाच्या टेबलाशी बसून लहान मुलासारखा रडला. बायको थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं त्याच्या खिशातल्या, तेलात बुडवलेल्या कागदी पट्ट्या काढल्या, डोळे मिटून एकेक नाकाशी धरली आणि तिसरी पुढे सरकवली.

“ही घ्या. पुसा डोळे.”

तेव्हापासून तसंच चालू होतं. तो नमुने घरी आणायचा, बायको निवडायची, दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात निकाल सांगायचा. तिनं निवडलेला गुलाबाचा साबण तर असा खपला की कारखान्याच्या मालकिणीनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. त्याची मान खाली गेली. लोकांना वाटलं, माणूस किती विनयशील!

फुलशेती काही खिशात घालून घरी आणता येत नव्हती. त्यात यंदा मालकीण स्वतः बरोबर येणार होती. त्यानं धीर करून विचारलं, “बायकोला आणू का? इतक्या वर्षांत तिला एकदाही ती फुलं दाखवली नाहीत.”

“आणा की,” मालकीण म्हणाली. “मलाही बघायचंय तुमचं नाक कसं चालतं ते.”

या एका वाक्यानं त्याची झोप उडाली. दर रविवारी दुपारी दोघं टेबलावर कुप्या मांडून तालीम करू लागली. एकदा तालीम रंगात आली असताना शेजारीण दार बडवत आली. “अहो, काय जळतंय? जिन्यापर्यंत वास आलाय!” शेगडीवरचं दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं.

“तुमची ही तेलं नाकात बसलीत,” बायको पातेलं घासत म्हणाली. “दुसरं काही कळेल तर शपथ!”

त्याला फार वाईट वाटलं. आपली अब्रू राखायला ही किती राबतेय, आणि आपण धड आभारही मानले नाहीत. त्यानं तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “पुरे आता,” आणि आणखी जोरात घासू लागली.

जायचा दिवस उजाडला. गाडी आठला येणार होती. साडेसातला बूट घालता घालता तो थांबला.

“मालकिणीच्या वडिलांनी पहिल्या वर्षी माझी परीक्षा घेतली होती. एकच तेल दोन कुप्यांत भरून समोर ठेवलं. ते मला ओळखता आलं नसतं तर त्याच दिवशी घरी बसलो असतो. ही त्यांचीच मुलगी. आज तेच करणार बघ.”

“आत्ता काय त्याचं? आधी बूट घाला.”

“एकदाच. माझ्या समाधानासाठी.”

तिच्याकडे पाठ करून त्यानं सहा कुप्या भरल्या आणि तळाला आकडे घातले. बायको टोपी घालून, पर्स अडकवून खुर्चीत बसली. तिनं नेहमीसारखे डोळे मिटले. दुसऱ्या कुपीला टोपी सारखी केली. पाचवीला पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली. हालचाल अगदी सफाईदार होती, कुणाला संशय आला नसता.

त्यानं कुप्यांचा क्रम बदलून पुन्हा एकेक पुढे धरली. आता पाच आकड्याच्या कुपीला टोपी, दोन आकड्याच्या कुपीला पर्स.

त्यानं दोन्ही कुप्या उचलून तळाचे आकडे पुन्हा पाहिले. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला आणि मालकिणीचा आवाज आला, “नाकसाहेब, चला! उशीर होतोय!”

“अगं, दुसरी आणि पाचवी एकाच बाटलीतून भरल्या आहेत,” तो कुजबुजला. “आज तुझं नाक चालत नाहीये का? सर्दी झालीय?”

बायको उठली. तिनं त्याचा राहिलेला बूट पायाने त्याच्यापुढे सरकवला.

“आजच कशाला?” ती म्हणाली. “हिवाळ्यात ताप आपल्या दोघांनाही आला होता. नाक तुमचं एकट्याचंच गेलं, असं मी कधी म्हटलं?”