मुंग्यांचं घर

मंचरच्या धरमचंद शेठांचा कंप्युटर महिनाभर सुरूच होत नव्हता. परदेशातला त्यांचा मुलगा पारस दर रविवारी त्यावर दिसायचा. मोबाईलच्या इवल्या पडद्यावर शेठाणी जतनबाईंच्या अधू डोळ्यांना लेकाचं तोंड ओळखू येत नसे. शेवटी त्यांनी हट्टच धरला, तेव्हा शेठना समर्थ मेकॅनिकला बोलवावं लागलं.

समर्थनं सीपीयू उघडला, तर आत मुंग्यांनी घर केलेलं. "लई अंडी हायेत, शेठ. ब्लोअर मारला की चालू व्हईल बघा."

"नाय राव, जैनाच्या घरात जीवहत्या नको."

"अहो, मग मी मोरपिसानं हळूच बाजूला करते की," जतनबाई म्हणाल्या.

"अंड्यांना हात लावायचा नाय! मुंग्या जातील तवा जातील. झाकण लाव, समर्थ."

"धर्म पाळावा तर तुमीच," म्हणत समर्थ हात जोडून निघाला. जतनबाई काळ्या पडद्यापुढं बसून राहिल्या. शेठनी मान वर केली नाही.

&nbsp;

महिन्यापूर्वी कंप्युटर बंद पडल्याचं शेठनी मोबाईलवर कळवलं, तेव्हा पारस म्हणाला होता, "बरं झालं पप्पा, दर रविवारचं ते बोलणं तरी सुटलं."