आधी झोपून बघा

“हा पांढरा फार टक्क जागा वाटतो रे,” उशीवाल्या काकू म्हणाल्या. “जरा पेंगुळलेला नाही का मिळत?”

वेबसाइटवाल्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. नऊ दिवसांत त्याने पांढऱ्याच्या सहा छटा दाखवल्या होत्या. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याने लांबूनच हात जोडले असते. पण हे काम त्याला हवं होतं.

सहा महिन्यांपूर्वी त्याने नोकरी सोडली होती. तिथे वेबसाइटी घाऊक भावात निघत. विकत आणलेल्या फोटोतलं एकच हसरं कुटुंब दातांच्या दवाखान्याच्या पानावर हसायचं आणि सिमेंटच्या दुकानाच्याही. खूश गिऱ्हाइकांची पत्रं तो स्वतःच लिहायचा. एक दिवस लिहिता लिहिता त्याचा हात थांबला आणि तो उठून चालू लागला.

साहेब रागावले नाहीत. “खऱ्यावर पोट भरतं का बघ,” एवढंच म्हणाले. “सहा महिने तुझी खुर्ची ठेवतो.”

ती मुदत येत्या सोमवारी संपत होती. त्याने मनाशी ठरवलं होतं. आपली खरी वेबसाइट बघून एक जरी माणूस खऱ्या दुकानाची पायरी चढला, तर परत जायचं नाही. नाही चढला, तर सोमवारी त्याच कुटुंबाला पुन्हा हसवायला बसायचं.

काम मावशीने आणलं होतं. “माझी मैत्रीण उशा करते. तिला वेबसाइट हवीय,” ती म्हणाली. मग नेहमीचं सुरू झालं. जेवलास का, किती वाळलास, आरशात तोंड पाहिलंस का.

काकूंचं दुकान दोन खोल्यांचं. पुढे कापूस, पिसं आणि कोंड्याची पोती, मागे पडद्याआड एक पलंग. रीत एकच. गिऱ्हाइकाने आधी पलंगावर तासभर पडायचं. मान कशी कलते, कूस कधी बदलते, हे काकू लांबून बघणार आणि मग उशीत काय नि किती भरायचं ते ठरवणार.

“स्वतः न पडता तू काय लिहिणार, कपाळ?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “लॅपटॉप दे इकडे. हं, पड.”

तो पडला. कामाचा भाग म्हणून.

पहिल्या दिवशी तो नुसता छताकडे बघत राहिला. एवढ्याशा खोलीच्या मानाने छताचं लाकूडकाम भलतंच देखणं होतं. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या काठावरच्या टाक्यांवर नजर खिळली. सबंध काठभर वेल, एक पान दुसऱ्यासारखं नाही.

“हे कुणी केलं, काकू?”

“होती एक बाई. हात छान होता तिचा.”

तिसऱ्या दिवशी खिडकीतून आलेल्या कवडशात एक पीस तरंगत होतं. ते खाली येईल म्हणून तो वाट पाहत राहिला. पीस येईना. मग खोलीच वर उचलली गेली. भिंती कापसाच्या झाल्या. वेबसाइटचं पान खिडकीसारखं उघडलं आणि त्यातून अनवाणी माणसं आत येऊ लागली. कुणी बोलत नव्हतं. ज्याला त्याला आपापला खळगा सापडत होता.

डोळे उघडले तेव्हा चार वाजले होते आणि पहिली ओळ तयार होती: ‘आधी झोपून बघा. उशीचं नंतर पाहू.’

काकूंनी ती तीनदा वाचली. “हे मी म्हटलं?”

“म्हणता तुम्ही. रोज.”

“मग राहू दे. पण अक्षर जरा जाड झालंय. उद्या बघू. दुपारीच ये हं, तेव्हाचा उजेड बरा असतो.”

अक्षर बारीक झालं, मग पुन्हा जाड झालं. सातवा पांढरा पसंत पडला. गुरुवारी वेबसाइट सुरू झाली. तिच्यात काकूंची कापूस लागलेली बोटं होती, उसवलेलं पोतं होतं आणि विकतचं हसू एकही नव्हतं. इतकं खरं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

शुक्रवारी कुणी आलं नाही. शनिवारीही नाही. रविवारी काकूंना फोन नंबर जरा डावीकडे हवा होता. तो आला, सवयीने पलंगावर टेकला आणि सवयीनेच लवंडला.

एका बाईच्या आवाजाने त्याला जाग आली.

“उशीवाल्या काकू तुम्हीच ना?”

तो ताडकन उठून बसला. रविवार अजून संपला नव्हता. त्याने पडद्याला फट पाडून डोळा लावला.

“बसा,” काकू म्हणाल्या. “कुणासाठी?”

“वडिलांसाठी हो. दोन वर्षं झाली, डोळ्याला डोळा लागलेला नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आता तर झोपेचं नाव काढलं की ताट भिरकावतात.”

“इथलं कसं कळलं तुम्हाला?”

पडद्याआड त्याने कान टवकारले.

“तुमच्या मैत्रिणीकडून. त्यांचा भाचा म्हणे सहा महिने वटवाघळासारखा जागा होता आणि आता रोज दुपारी इथे घोरतो.”

“हळू बोला,” काकू म्हणाल्या. “आतच आहे तो.”

ती बाई खालच्या आवाजात म्हणाली, “पण आमचे वडील इथे यायचे नाहीत. फार हट्टी.”

“झोपायला कुणीच येत नाही, बाई. कामाला येतात. कुणी छताच्या, कुणी पडद्याच्या, कुणी वेबसाइटच्या. काय करायचे ते?”

“घड्याळं दुरुस्त करायचे.”

“मग सांगा त्यांना, उशीवालीचं घड्याळ बंद पडलंय,” काकू म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या, भिंतीवरच्या घड्याळाचं दार उघडलं आणि हलता लंबक बोटाने अलगद थांबवला.