खडीवरचा ब्रेक

"आधी बॅटरीची तार काढ, इंजिनिअरबाई!" बाबा गॅरेजभर ओरडले.

"काढली हो! आज का शिकतेय मी?" लेक फणकारली. शाळेच्या मुलांच्या गाडीतला, ब्रेक दाबल्यावर चाकं घसरू न देणारा एबीएस मॉड्यूल जळाला होता; तो दोघांनी बाहेर काढला. "नवा आला की तूच बसव," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी तिने शटर उघडलं. त्या गाडीतून मुलांची ने-आण करणारे काका अवघडून म्हणाले, "ताई, ब्रेकचं काम आहे. गाडी दुसरीकडे नेऊ?"

"संध्याकाळपर्यंत थांबा."

नवा मॉड्यूल बसला, गाडीच्या संगणकाशी त्याचं कोडिंग झालं, डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा विझला. काकांनी किल्लीसाठी हात पुढे केला. पण ब्रेकचं पेडल तिला मऊ लागलं. ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिली होती. तिने स्कॅनर जोडून मॉड्यूलमधला पंप फिरवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत ब्रेक ऑइल सोडलं. पेडल घट्ट झाल्यावर काकांना शेजारी बसवून रिकाम्या मैदानातल्या खडीवर करकचून ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं, एबीएस कामाला लागलं होतं. गाडी नाकासमोर सरळ थांबली.

"उद्यापासून मुलं याच गाडीत," काका हसले.

तिला स्टिअरिंग सोडवेना. इतक्या वर्षांत न म्हटलेलं ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखा शिकवणारा मला कॉलेजात एकही भेटला नाही."