धवल्याची फाइल

पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं. ही फाइल उघडायची तुम्हाला परवानगी नाही.

कशेळीच्या गोडाऊनच्या ऑफिसात विनिता रडकुंडीला आली. परवा तिच्या धाकट्या बहिणीची, रुचिकाची हळद. पुतळाबाई आजी जाऊन वर्ष होत आलेलं. शेलार गावापासून कोनपर्यंत लग्नांत विधीची गाणी, म्हणजे धवले, गाणारी ही धवलारीण, पण तिने कुणाला शिकवलं म्हणून नाही. तिचा हळदीचा धवला उरला होता तो या साबणवडीएवढ्या हार्ड डिस्कवर. विनितानेच २००५ साली याच ऑफिसात तो टेप केला होता. कुणी पुसू नये म्हणून शहाणपणा करून फाइल फक्त स्वतःच्या नावाने उघडेल अशी ठेवली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तसं झालं.

"अरे, पण मी विनिताच आहे ना!" ती करवादली.

कॉम्प्युटर सांभाळणारा प्रितम हसला. "नाव तेच हाय गो. पन जुनी मशीन भंगारात गेली. नव्या नेटवर्कला ती विनिता म्हाईत न्हाय. बघ, मालकाच्या जागी नुसता आकडा उरलाय."

मागे भाऊ, तिचे वडील, केव्हापासून चुळबुळत होते. "जागा माजी, गोडाऊन माजा, आन् माज्या आयचा आवाज ऐकाला मनाच परवानगी न्हाय?"

"थांबा भाऊ. मालकी बदलून घेतो. मी ॲडमिन हाय, जमंल बहुतेक."

मालकी म्हटल्यावर भाऊंची नजर खिडकीबाहेर गेली. ट्रक लागले होते तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. लावणीला आई गुडघाभर चिखलात उभी राहून गाण्याची ओळ टाकायची आणि बाकीच्या बाया उचलायच्या. लग्नघरी मात्र तिचा नेम वेगळा. घरच्यांनी 'गा' म्हटल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही, मग नवरदेव खोळंबला तरी बेहत्तर. भाऊंना तो चिखल, तो आवाज, सगळं एकदम हवंहवंसं झालं.

प्रितमने दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं. पडद्यावरचा आकडा गेला. स्पीकर खरखरला आणि पुतळाबाई खाकरली.

"विनू, गाऊ का गो?"

पुढे नुसती खरखर. तेव्हा विनिताने नुसती मान हलवली होती. ती मान काही टेप झाली नव्हती.

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते स्पीकरपाशी वाकले.

"गा गो आये."